सा लागण्याआधी

बोट बटणावर टेकतं, किंचित भार देतं, खालून बारीकसा ‘टक’ येतो आणि आपण म्हणतो, दाबलं. त्या एका शब्दात केवढी घाई असते! बटणाच्या काळ्या टोपीखाली, सहा मिलिमीटर लांबीरुंदीच्या त्या इवल्याशा घरात, पातळ पत्र्याचा एक घुमट दबा धरून बसलेला असतो. भार आला की तो आधी सोसतो, मग एका क्षणी एकदम खचतो, त्याचा माथा तळाच्या धातूला जाऊन भिडतो आणि भिडल्याबरोबर उसळतो. पुन्हा भिडतो, पुन्हा सुटतो. दर वेळी उसळी थोडी उणी, दर वेळी मधलं अंतर थोडं आखूड, जशी रात्री ओट्यावरून निसटलेली स्टीलची ताटली फरशीवर गरगरत राहते, आधी मोठ्यानं आणि सावकाश, मग बारीक आणि भराभर, आणि शेवटी एका सलग झणकारात मिसळून अचानक गप्प होते. हे सगळं उरकायला काही मिलिसेकंद पुरतात. कानाला एकच ‘टक’ ऐकू येतो, बोटाला एकच स्पर्श कळतो, डोळ्यांना तर काहीच दिसत नाही.

पण तारेच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी जागं असतं.

माझ्या टेबलावरच्या निळ्या आर्डुइनो बोर्डावर बसलेली ती काळी चिप, एटमेगा 328पी, सेकंदाला 1 कोटी 60 लाख ठोक्यांनी चालते. तिचा एक ठोका 62.5 नॅनोसेकंदांचा. आपल्या एका मिलिसेकंदात तिचे 16 हजार ठोके उलटून जातात. ज्या काळाला आपण निमिषसुद्धा म्हणणार नाही, त्या काळात तिला निवांत बसून पाहायला सवड असते. धातू भिडला हे ती पाहते, सुटला हेही पाहते, पुन्हा भिडला, पुन्हा सुटला, यातलं काही तिच्या नजरेतून निसटत नाही, आणि जे दिसलं ते ती जसंच्या तसं खरं मानते. आपण एकदा हाक मारलेली असते, तिनं ती पाच-सात वेळा ऐकलेली असते. तिच्या ऐकण्यात खोट नाही. धातू खरोखरच तितक्या वेळा बोललेला असतो.

इटलीतल्या इव्रेआ नावाच्या लहानशा गावात 2005च्या सुमाराला हा बोर्ड जन्मला; तिथल्या एका संस्थेत डिझाइन शिकणाऱ्या मुलांना स्वस्तात आणि सोपेपणानं वस्तूंमध्ये जीव घालता यावा म्हणून. नाव मिळालं ते गावातल्या एका बारवरून, आणि त्या बारला हजार वर्षांपूर्वीच्या आर्डुइन नावाच्या राजावरून. त्याच इव्रेआत 1908 साली ऑलिव्हेट्टीचा टाइपरायटरचा कारखाना उभा राहिला होता. बोटांचा दाब आणि त्यातून उमटणारी खूण यांची काळजी वाहण्यात त्या गावाची एक शतकभराची हयात गेली, हे मला फार आवडतं. मिरजेबद्दलही मला असंच काहीसं वाटतं.

मिरजेत आमचं घर सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर आहे. त्या गल्लीत शिरलं की पंढरपूरकडून आलेले भोपळे सुकत ठेवलेले दिसतात, चपड्याच्या पॉलिशचा उग्रगोड वास नाकात भरतो, आणि कुणीतरी आत अंधारात मांडी घालून एकच तार पुन:पुन्हा छेडत असतं, जणू तिला एक प्रश्न विचारायचा आहे आणि उत्तर मनासारखं येईपर्यंत तो उठणार नाही. आईनं या घरात वर्षानुवर्षं गाणं शिकवलं. संध्याकाळी दारात चपलांची रांग लागायची, पेटीचा भाता दमेकऱ्यासारखा हळूहळू श्वास घेऊ लागायचा, आणि खिडकीच्या गजांवरून उतरतं ऊन तिच्या उजव्या हातावर येऊन थांबायचं. आता त्या हातात कंपवात आहे. एका हातानं भाता आणि दुसऱ्यानं सूर हे तिला जमेनासं झालं, तेव्हा भात्याशिवाय वाजणारं काहीतरी करावं असं माझ्या मनात आलं. पुण्याच्या तापकीर गल्लीतून आठ पुश बटणं आणली, एक लहान स्पीकर आणला, सागवानी फळ्यांचा खोका करून घेतला. आठ बटणं, आठ स्वर.

संगीताच्या पाठ्यपुस्तकांत षड्ज 240 कंपनांचा धरून स्वरांची मांडणी शिकवतात. मीही तोच धरला. मग ऋषभ 270, गंधार 300, मध्यम 320, पंचम 360, धैवत 400, निषाद 450 आणि वरचा सा 480. अपूर्णांक कुठंच नाही! चिपला पूर्णांकच द्यावे लागतात, आणि जुन्या शास्त्रानं जणू तिच्यासाठीच ते काढून ठेवले होते. पेटीच्या समान वाटण्या केलेल्या सप्तकात हाच गंधार 302च्या थोडा पुढं जातो. 300चा गंधार मात्र तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप वर येणाऱ्या गंधाराच्या गळ्यात गळा घालतो. स्पीकर साधा, चिपची लाट चौकोनी, त्यामुळं आवाज कोरडा. पण आईनं तो गंधार ऐकला, मान किंचित तिरपी केली आणि म्हणाली, “हा खरा आहे बघ.” काळी पाचपेक्षा थोडा चढा असलेला तो षड्ज तिच्या तरुणपणच्या गळ्याच्या अगदी जवळचा होता. हे तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

240 कंपनांच्या सा-चं एक कंपन पुरं व्हायला 4 मिलिसेकंदांहून किंचित जास्त वेळ लागतो. आणि खटक्यातल्या धातूची धुसफूस विझायलाही बरेचदा तेवढाच. किती विलक्षण आहे हे! वर स्वर आपली पहिलीच लाट उभारत असतो, हवेचा पहिला पडदा पुढं सरकून मागं येत असतो, आणि त्याच वेळी खाली धातू हो म्हणत असतो, नाही म्हणत असतो, पुन्हा हो म्हणत असतो. चिप प्रत्येक ‘हो’ला स्वर सुरू करते, प्रत्येक ‘नाही’ला थांबवते. कानाला त्या सुरुवाती मोजता येत नाहीत. एवढंच जाणवतं की स्वराच्या तोंडाशी एक ओरखडा आहे. सा येतो, पण खरवडत येतो.

एका मित्राकडं जुना ऑसिलोस्कोप आहे. खोलीतला दिवा मालवून आम्ही त्याच्या हिरव्या पडद्यासमोर बसलो. बटण मोकळं असताना पडद्यावर वरच्या बाजूनं एक सरळ रेष धावत असते, पाच व्होल्टांची. अंधारात ती रेष पाहणंसुद्धा सुखाचं वाटतं. दाबलं की ती खाली यायला हवी, आणि येतेही, पण तळाशी टेकून पुन्हा वर झेपावते, पुन्हा कोसळते. काही उड्या पूर्ण उंचीच्या, काही अर्ध्यावरच गळून पडलेल्या, काही इतक्या निमुळत्या की त्यांचा नुसता उजेड दिसतो, आकार दिसत नाही. आणि मग एकदम तळाशी शांत, सपाट रेष. त्याच बटणावर पुन्हा बोट ठेवावं तर उड्यांची नक्षी वेगळी. तेच बोट, तोच धातू, तरी एक भेट दुसरीसारखी होत नाही. जॅक गॅन्सल या अमेरिकी अभियंत्यानं तऱ्हेतऱ्हेचे 18 खटके घेऊन त्यांच्या या उड्या मोजल्या होत्या. बहुतेक सगळे 10 मिलिसेकंदांच्या आत निवले, आणि एक मात्र 157 मिलिसेकंदांपर्यंत थरथरत राहिला. त्या एकाबद्दल वाचलं तेव्हा मला का कोण जाणे, त्याचा लळा लागला.

चिपच्या ज्या पायाशी बटणाची तार येते ती पिन कशालाच बांधलेली नसली तर याहून वेगळंच काही घडतं. मोकळी पिन स्वस्थ बसत नाही. भिंतीतून धावणाऱ्या विजेचं 50 हर्ट्झचं गुणगुणणं तिला ऐकू येतं, जवळ आणलेल्या हाताची चाहूल लागते, आणि ती कधी शून्य, कधी एक असं काहीबाही बरळत राहते. म्हणून तिला एका रोधामार्फत पाच व्होल्टांशी हलकेच बांधून ठेवतात. हा रोध चिपच्या पोटातच असतो, 20 ते 50 किलोओहमच्या दरम्यानचा. एका सूचनेनं तो जागा होतो. बंधन इतकं सैल की बोटाच्या एका दाबानं सुटावं, आणि इतकं पुरेसं की एकटेपणी पिन भरकटू नये. दाबणारं बोट पिनला जमिनीशी जोडतं, म्हणून दाबलं की शून्य, सोडलं की एक. स्पर्शाचा आकडा शून्य, विरहाचा एक. पहिल्या दिवशी हे उलटं वाटतं. नंतर तेच सरळ वाटू लागतं.

ओरखडा घालवायचा तर थांबायला शिकायचं. धातूच्या या उड्यांना बाउन्स म्हणतात आणि त्या निस्तरण्याला डीबाउन्सिंग; त्याचं मर्म एवढंच की पहिल्या बातमीवर विश्वास ठेवायचा नाही; ती तशीच टिकून राहते का ते पाहायचं, आणि टिकली तरच ती खरी मानायची. आर्डुइनोसोबत नवशिक्यांसाठी जे नमुना-प्रोग्राम येतात, त्यात याचाही एक आहे. तो 50 मिलिसेकंद थांबतो. काही जण प्रत्येक खटक्याला एक कपॅसिटर जोडतात, म्हणजे चढउतार वितळून त्याचा उतार होतो, आणि पुढं 74एचसी14सारखी चिप लावतात, जी तो उतार पुन्हा एका स्वच्छ पायरीत बदलते. तिच्यात सहाच दारं; आठ स्वरांना दोन चिपा लागल्या असत्या. मला ते काम तारांत नको होतं. सोल्डर केलेला धीर बदलता येत नाही. अक्षरांत लिहिलेला येतो.

एक खटका असेल तर धीर धरणं सोपं आहे. खरी परीक्षा अनेकांची. सगळ्यात साधी रीत अशी की पहिल्या हालचालीला चिपनं डोळे मिटून घ्यावेत, ठरलेला वेळ मोजावा आणि मग उघडून पाहावं. पण डोळे मिटले की ते सगळ्यांसाठीच मिटतात. सा-च्या थरथरीपायी ती थांबलेली असते तेव्हा पंचमानं दिलेली हाक कुणाच्याच कानी जात नाही. एकाचं नीट ऐकावं म्हणून बाकी सातांना मुकं करायचं, हे मला पहिल्यापासूनच सहन झालं नाही. घरात आठ जण असले आणि त्यातलं एक हळवं असलं, तरी उरलेल्या सातांचा दिवस चालू राहावा लागतो.

एक सुंदर रीत आहे, पीटर डानेगर या जर्मन प्रोग्रामरच्या नावानं ओळखली जाणारी. आठ खटके म्हणजे आठ बिटं, आणि आठ बिटांचा एक बाइट. 2 ते 7 या पिनांवर सहा स्वर आणि 8 व 9 वर उरलेले दोन. दोन्हीकडून वाचायचं, थोडं सरकवायचं, जोडायचं, की एका नजरेत अख्खं सप्तक हाती येतं. आपलं सरधोपट मन म्हणतं, आता प्रत्येक खटक्यासाठी एक वेगळा मोजणारा नेमू, आणि एकेकाच्या दारात जाऊन विचारू. ही रीत तसं करत नाही. ती त्या बाइटखाली आणखी दोन बाइट ठेवते, ओळीखाली ओळ, आणि आडवं वाचायचं सोडून उभं वाचते. आडवे वाचले तर त्या दोन बाइटांना काही अर्थ नाही. उभे वाचले की प्रत्येक स्वराच्या खाली दोन बिटांची त्याची स्वतःची मोजणी दिसते: शून्य, एक, दोन, तीन. दर 5 मिलिसेकंदांनी सप्तकाकडं पाहायचं. ज्या खटक्याची आत्ताची अवस्था आपण मानलेल्या अवस्थेहून वेगळी दिसेल त्याची मोजणी एक पाऊल पुढं जाते. मध्येच तो माघारी फिरला तर पुन्हा शून्य. सलग चार वेळा तो वेगळाच दिसला तरच मानायचं की हा खरंच बदलला आहे. आणि हे आठांसाठी एकाच वेळी, मोजक्या एक्सऑर आणि अँडच्या हिशेबांत, कुठंही ‘जर’ आणि ‘तर’ न लिहिता.

ऋषभाची थरथर ऋषभाच्याच स्तंभात राहते. गंधाराला तिची झळ लागत नाही. सा आपल्या तिसऱ्या पायरीवर असतो, मध्यम नुकताच पहिलीवर आलेला, निषाद चौथ्या होकारासह स्वर होऊन बाहेर पडलेला, आणि पंचम मधूनच डळमळून पुन्हा उंबऱ्याशी गेलेला. कुणी कुणासाठी खोळंबत नाही, कुणाचं कुणावर दडपण नाही. त्या काही ओळी कागदावर लिहून काढल्या, खाली आठ स्तंभ आखले आणि पेन्सिलीनं एकेक ठोका चालवून पाहिला, तेव्हा दुपार टळून गेली होती आणि खोलीत दिवा लावायचं मला सुचलं नव्हतं. इतकी देखणी वागणूक इतक्या थोड्या अक्षरांत मावते याचं नवल अजून ओसरलेलं नाही.

ओरखडा गेला. सा आता स्वच्छ येत होता, पाण्यातून वर यावा तसा. मी ही बटणांची पेटी मिरजेला नेली, आणि त्या संध्याकाळी सतारमेकर गल्लीतून जाताना जरा रेंगाळलो. आत एक म्हातारे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत होते. रुंद, किंचित उतरत्या घोडीवर तार टेकलेली, आणि तार व घोडी यांच्यामध्ये एक सुताचा धागा. धागा केसाएवढा सरकवायचा, तार छेडायची, ऐकायचं. कंप पावणारी तार घोडीच्या उतरणीला भिडते आणि सुटते, भिडते आणि सुटते, त्या घसटीतून तिच्या पोटातले बारीक स्वर एकामागून एक जागे होतात आणि आवाजाला ती मधासारखी झणझण येते जिच्याशिवाय तंबोरा नुसता लाकडी राहतो. सी. व्ही. रामन यांनी 1921 साली या घोडीवर लिहिलं होतं. एखाद्या उपस्वरासाठी तार जिथं मुळीच हलायला नको नेमकी तिथंच ती छेडली तर तो उपस्वर ऐकू येऊ नये, तरी या वाद्यात तो ऐकू येतो, याचं त्यांना कुतूहल वाटलं होतं.

मी तिथंच उभा राहिलो.

हाच तो बाउन्स होता. भिडणं आणि सुटणं, पुन्हा भिडणं, ठरल्या जागी न ठरणं. जे माझ्या पेटीतून मी निगुतीनं निपटून काढलं, तेच इथं एक माणूस डोळे मिटून, धागा सरकवून, मोठ्या मायेनं आणत होता. एकीकडं धातूची थरथर मला खोटी साक्ष वाटली, दुसरीकडं तीच सुराचा प्राण. दोन्ही खरं. तंबोऱ्याला काही सांगायचं नसतं, तो नुसता असतो. त्याच्या असण्यातली झणझण ऐकत बसायचं असतं. खटक्याला मात्र एकच शब्द सांगायचा असतो, आणि तो अडखळत सांगत असेल तर अडखळण्याच्या पलीकडं जाऊन तो शब्द उचलून घ्यायचा असतो. थरथर कुठं पुसायची आणि कुठं जपायची हे ठरवताना माझा हात त्या दिवसापासून जरा सावध झाला आहे.

आई पेटीपुढं बसली. तिचा उजवा हात मांडीवर होता आणि आपल्याच लयीत हलत होता. कंपवाताचा हा कंप सेकंदाला चार ते सहा वेळा, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर काही चोळत असल्यासारखी. या आजाराची एक गोष्ट मला अजूनही हेलावते. हात विसावलेला असतो तेव्हा तो जास्त थरथरतो. काही करायला निघाला की बरेचदा शांत होतो. तिनं हात उचलला आणि तो हवेत स्थिर झाला. बोट सा-वर आलं, दाबलं, सा लागला. अगदी स्वच्छ. तिनं डोळे मिटले. दीर्घ सा धरून ठेवायची तिची जुनी सवय. शिष्यांना ती पहिला महिनाभर दुसरं काही गाऊच देत नसे. पण बोट एकाच जागी काही सेकंद धरून ठेवलं की तो कंप परत येतो. येताना सरावाच्या वाटेनं यावा तसा येतो. बोट किंचित उचललं जायचं, सा तुटायचा, बोट टेकायचं, सा लागायचा. सा, सा, सा, सा. माझ्या 20 मिलिसेकंदांच्या धीराला हे झेपणारं नव्हतं. हा धातूचा कंप नव्हता, हा माणसाचा कंप होता, त्याचा एक हेलकावाच 200 मिलिसेकंदांच्या आसपासचा. चिपच्या दृष्टीनं ती खरोखर सोडत होती आणि खरोखर दाबत होती.

तिच्या मनात मात्र सा एकदाही सुटला नव्हता.

सगळाच धीर वाढवला असता तर स्वर बोटामागून रेंगाळत आला असता, आणि गाणाऱ्या माणसाला उशिरा येणारा स्वर तुटलेल्या स्वराइतकाच जाचतो. रात्री मिरजेच्या घराच्या माडीवर बसून मी लिहिलं ते असं: दाबलं हे लगेच मानायचं, सोडलं हे सावकाश. दाबण्याची मोजणी दोनच बिटांची, चार ठोक्यांची, 20 मिलिसेकंदांची. सोडण्याच्या मोजणीला खाली आणखी थर घातले, दोनाचे सहा बाइट झाले. सहा बिटांत 64 ठोके, म्हणजे 320 मिलिसेकंद. कंपाचा एक पुरा हेलकावा त्यात मावतो आणि वर थोडी जागा उरते. बोट उचललं गेलं तरी पेटी थांबून राहते. ते परत येईल या भरवशावर सा धरून ठेवते. आणि ते परत आलं की मोजणी शून्यावर जाते, जणू काही घडलंच नाही. आलेल्याला उंबऱ्यात उभं करायचं नाही, गेलेल्याला लगेच गेला म्हणायचं नाही. मग रेंगाळणाऱ्या सा-वर पुढचा स्वर आला तर? त्याचीही सोय केली: दुसरा स्वर मानला गेला की पहिल्याची वाट पाहणं संपतं. माझ्या या मांडणीत चिपला एका वेळी एकच स्वर वाजवता येतो, ही मर्यादा इथं वरदान ठरली.

अशी माया यंत्रांत पूर्वीपासून घातली गेली आहे. संगणकाच्या सेटिंगांत शोधलं तर ‘बाउन्स कीज’ सापडतं, एकाच कळीवर लागोपाठ पडलेले दाब सोडून देणारं. ‘स्लो कीज’ सापडतं, कळ थोडा वेळ दाबून धरली तरच ती मानणारं. ज्यांना ते लागत नाही त्यांना ते दिसतही नाही. कुणीतरी कधीतरी एखाद्या हाताकडं नीट पाहिलं असणार, त्याशिवाय असल्या गोष्टी सुचत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं सा धरला आणि तो राहिला. खिडकीतलं ऊन तिच्या मनगटावर थरथरत होतं, मनगट थरथरत होतं, बोटाखालचं बटण टकटकत होतं, आणि त्या सगळ्याच्या वर सा सलग, अखंड, पट्टीनं ओढावा तसा. तिनं आवाज लावला. आवाजही आता पूर्वीसारखा नाही, बारीक झाला आहे, कडेला किंचित कापतो. पण पेटीच्या त्या कोरड्या, सरळ सा-शेजारी तो कापरा आवाज आला आणि दोघांच्या मध्ये कुठंतरी तंबोऱ्यासारखी झणझण उठली. मी काहीच बोललो नाही. तिनं ऋषभावर बोट नेलं.

शेजारच्या घरातली एक मुलगी हल्ली आईकडं शिकायला येते. आठ वर्षांची आहे, बोटं चिमणीसारखी. तिला पेटी फार आवडली. सा रे ग, रे ग म, ग म प हा अलंकार तिनं भराभर वाजवला आणि पेटीनं तो नीट म्हटला. मग आईनं तिला पुढचा दिला: सासा, रेरे, गग, मम. मुलीनं प्रत्येक स्वर दोनदा दाबला आणि पेटीतून सा, रे, ग, म एवढंच आलं. तिनं पेटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. “काका, हिला दोन ऐकू येत नाहीत का?” तिचं खरं होतं. दोन दाबांच्या मधलं तिचं अंतर 320 मिलिसेकंदांहून कितीतरी आखूड. जे आईसाठी थरथर म्हणून क्षमा केलं जात होतं, तेच तिचं वाजवणं होतं. एकीनं न सोडता सुटत होतं आणि दुसरीनं मुद्दाम सोडलेलं कुणी मानत नव्हतं. बोटाच्या उचलण्यात दोघींच्या काही फरक नाही, निदान चिपला दिसेल असा नाही. तो फरक बाहेरूनच सांगावा लागतो.

मी खोक्याच्या उजव्या बाजूला एक नॉब बसवला, 10 किलोओहमचा. चिप तो शून्य ते 1023 या आकड्यांत वाचते. कुणी हात लावलेला नसतानाही तो आकडा एक-दोनानं मागंपुढं होत राहतो, म्हणून काही वाचनांची सरासरी घ्यावी लागते. थर सहाच ठेवले, सोडण्याच्या मोजणीतल्या दोन ठोक्यांमधलं अंतर नॉबच्या हवाली केलं. डावीकडं नेला की पेटी चटपटीत, उजवीकडं नेत गेलं की सोशिक. त्यावर आकडे मात्र लिहिले नाहीत. कुणाला किती वाट पाहणारी पेटी हवी हे कानानंच ठरवावं, असं मला वाटलं. आणि हा आजार ज्या वाटेनं जातो त्या वाटेवर एक आकडा फार काळ पुरत नाही, हेही मनात होतं.

आता मुलगी आली की आधी नॉब डावीकडं फिरवते, तंबोऱ्याची खुंटी पिळावी तशा गंभीर चेहऱ्यानं, आणि सासा रेरे सुरू करते. ती गेली की आई तो उजवीकडं आणते, सा दाबते, ऐकते, अजून थोडा आणते. परवा तिनं तसा तो आणला आणि बोटांनी चाचपत विचारलं, “हे पुढं किती फिरतं रे?”

“पुष्कळ,” मी म्हटलं. “अजून निम्म्यावरसुद्धा आलेलं नाही.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली, आणि मुलीला उद्या कुठला अलंकार द्यावा याचा विचार करत तिनं पंचम लावला.